गार इंजिन

बाबा गेल्यापासून त्यांची जुनी मोटरसायकल अंगणात उभीच होती. आज प्लग घासून किक मारली, तर चालू व्हायची आणि लगेच बंद पडायची. वैतागून मी कार्बोरेटरचा रेस वाढवायचा स्क्रू पिळला. गाडीने दम धरला. पण इंजिन तापलं, तशी ती उभ्या जागी किंचाळायला लागली.

“अरे, गार गाडीला काय पिळतोस?” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “हे आधी चौकापर्यंत फेरी मारून यायचे, मग स्क्रूला हात लावायचे.”

माझं सगळं असंच. काही बंद पडेल या धास्तीने मी आधीच पिळून ठेवतो. मग ते तापतं आणि आवरत नाही. नुसता बसलो तरी आत काहीतरी धडधडत राहतं.

फेरी मारून आलो, फाटक लावलं, स्क्रू हळूहळू सैल केला. आवाज उतरत उतरत बाबांच्या गाडीचा झाला, सावकाश, एकेक ठोका वेगळा ऐकू येणारा.

पिठाच्या हातांनीच आई लगबगीने बाहेर आली आणि तिने फाटक उघडलं, रोज संध्याकाळी बाबांसाठी उघडायची तसं. रस्ता रिकामा होता. ती तशीच उभी राहिली.

मला इंजिन बंद करवेना.