लेप सुकेपर्यंत हसायचं नाही

ठाणे जिल्ह्यात आजवर जेवढ्या बायका सुंदर झाल्या, त्यातल्या निम्म्या आमच्या घरमालकिणीच्या हातून झाल्या आणि उरलेल्या निम्म्यांचं नशीबच फुटकं, असं तिचं स्वतःचं प्रामाणिक मत आहे. माझंही तेच मत आहे, कारण मी तिच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. बाळकुमला आता इतके टॉवर उगवलेत की आभाळ बघायचं तर कोणाच्या तरी ओळखीने लिफ्टने वर जावं लागतं. त्या सगळ्यांच्या मध्ये हिची जुनी बुटकी बिल्डिंग कमरेवर हात ठेवून उभी आहे, अगदी मालकिणीसारखीच. हिच्या आईबापांनी मिठागरात जन्म काढला, पुढे जमिनीला भाव आले, भाडेकरू आले, गळ्यात बोटभर जाडीचं सोनं आलं. पण मीठ काही हिच्यातून गेलं नाही. ओट्याखाली जाड्या मिठाचं एक पिंप कायम भरलेलं. पाय दुखले, मीठ. दाढ दुखली, मीठ. मला ऑफिसात बॉसने झापलं त्या दिवशी हिने मिठाची मूठ माझ्यावरून ओवाळली आणि वर म्हणाली, "त्याचा नाव सांग, त्याच्यावरून नाय, त्याच्या चहान टाकू."

आम्ही तिला काकी म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझी रूममेट स्नेहल. मी मुरबाडची, शाळेत सगळ्या सरांच्या नकला करून अर्धं आयुष्य वर्गाबाहेर काढलेली. स्नेहल गुहागरकडची, शांत, देवाने बनवताना आवाजाचं बटण कमी ठेवलेलं. आई लहानपणीच गेलेली, वडील गावाला. दोघींच्या पगारात भाडं, डबा आणि मोबाईल यानंतर पार्लर बसत नव्हतं. घोडबंदर रोडच्या एका पार्लरमध्ये एकदाच गेलेलो. तिथल्या मुलीने माझा चेहरा बघून असा सुस्कारा सोडला की मला वाटलं हिला आता चेक लिहून द्यावा लागणार. आम्ही फक्त भुवया करून परत आलो. जिन्यात काकीने गाठलं. "कुठं गेलेल्या?" सांगितलं. काकीने कपाळावर हात मारला. "घरान डाल हाय, दही हाय, मी हाय! आनि तुमी लोकांकडून तोंड धुवून घेता?"

तेव्हापासून दर रविवारी खालच्या व्हरांड्यात आमचा स्पा भरायला लागला. अकराच्या सुमाराला जिन्यात हाक यायची, "डाल भिजली गोऽऽ!" आणि आम्ही टॉवेल घेऊन पळायचो. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मसूरडाळीचा लेप, मोदकपात्राच्या भांड्यातून वाफ, सिमेंट कालवायच्या दोन नव्या घमेल्यांत गरम पाणी आणि मूठमूठ मीठ, त्यात पाय. चंपी करताना काकी डोक्याचं काय करायची ते मी सांगू शकत नाही, कारण तेव्हा मला काही आठवायचं नाही. एवढंच कळायचं की भाकरी थापताना पिठाला काय वाटत असेल. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवायची, पण त्या टिकायच्या नाहीत. जरा गार वाटायला लागलं की एक चकती उचलली जायची आणि वरून करकर आवाज यायचा. मी एकदा डोळे मिटल्या मिटल्या म्हटलं, "काकी, ती माझ्या डोळ्यावरची होती." तर म्हणे, "मंग? तुजा डोला हाय ना जागेवर?"

तिचं सौंदर्यशास्त्र एका वाक्यात मावतं. "जा तोंडान घालता येत नाय, ता तोंडाला कशाला लावायचा?" त्यामुळे ती प्रत्येक लेप आधी चाखायची. पपई, टोमॅटो, साय, बेसन, सगळं बोटाने जिभेवर, डोळे मिटून, जसं काही आमटीत आमसूल किती पडलं ते बघतेय. मी ऑनलाइन मागवलेली एक काळी कोळशाची ट्यूब मोठ्या हौसेने खाली आणलेली. काकीने ती चाटली, व्हरांड्याबाहेर जाऊन थुंकली आणि ती ट्यूब तिने गेटच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीत पिळली. खोटं कशाला बोलू, गेट त्या दिवसापासून आवाज करत नाही.

आणि या स्पाचा एकच कायदा होता. लेप सुकेपर्यंत हसायचं नाही. ज्या बाईचा लेप हसून आधी फुटेल तिने सगळ्यांचा चहा करायचा. आता हा कायदा माझ्यासाठीच बनला असावा. मी कोपऱ्यात बसून ओठ न हलवता रिक्षावाला करायचे, पाण्याचा टँकरवाला करायचे, समोरच्या टॉवरच्या सेक्रेटरीची माईकवरची सूचना करायचे. स्नेहल तर पहिल्याच नकलेत हनुवटीपासून फुटायची. चहा कायम तिच्याच नशिबी. पण काकी? दगड. मी तिच्यासमोर तिचीच नक्कल केली, तिचा तो कमरेवरचा हात, सोन्याची साखळी मागे टाकायची ढब, तरी कपाळावर एक चीर नाही. उलट म्हणाली, "माजा आवाज असा हाय? मंग बरा हाय."

ती माणसाला चेहऱ्यावरून नाही, टाचेवरून ओळखायची. पाय घमेल्यात गेला की टाचेवर अंगठा फिरवून निकाल. एका रविवारी स्नेहलची टाच हातात घेतली, थांबली, पुन्हा अंगठा फिरवला. "ही टाच कोनीतरी रोज घासते." स्नेहलने पाय मागे ओढला. "कोनाला दिसायची नाय ती टाच पोरगी रोज घासते, म्हंजे कोन तरी हाय. कोन हाय तो?" मी सहा महिने त्या मुलीच्या शेजारच्या गादीवर झोपत होते आणि मला पत्ता नव्हता. होता. एक मुलगा, कल्याणचा, तिच्याच ऑफिसातला. वडील नसलेला, आईने एकटीने वाढवलेला. आई शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेली, आणि त्याने स्नेहलला स्पष्ट सांगितलेलं की आई हो म्हणाली तर याच थंडीत लग्न, आणि नाही म्हणाली तर तिच्या मनाविरुद्ध मी नाही जाऊ शकणार. आणि बाई म्हणे आजवर कोणालाच पटकन हो म्हणाल्या नव्हत्या, वाण्याच्या तुरडाळीलासुद्धा.

बाई रविवारी संध्याकाळी चारला मुलीला बघायला येणार असं ठरलं. आमच्या खोलीत धड खुर्ची नाही म्हणून कार्यक्रम काकीच्या व्हरांड्यात. काकीने आठवडाभर आधी जाहीर केलं, "पोरीला आई नाय तर काय झाला? मी हाय. असा लेप लावते, कल्याणपर्यंत उजेड पडंल."

उजेड पडला. झालं असं की त्या आठवड्यात काकीला भयंकर सर्दी झालेली. लेपात घालायची ती आंबेहळद, आणि ती ज्या डब्यात, तसल्याच शेजारच्या श्रीखंडाच्या डब्यात लोणच्यासाठी घरी कुटलेली हळद. एरवी काकीच्या जिभेने चोर पकडलाच असता. पण नाक बंद, जिभेला चव नाही, आणि चाखल्याशिवाय लावायचं नाही हा नियम तर पाळायलाच हवा. काकीने लेप चाखला, डोळे मिटले, "एक नंबर" म्हणाली आणि आम्हा तिघींच्या तोंडाला मनसोक्त थापला. धुतल्यावर बघतो तर तिघी पिवळ्याधमक. साध्यासुध्या नाही, टॅक्सीच्या टपासारख्या. दूध लावलं, बेसन लावलं, लिंबू चोळलं, खोबरेल लावलं. त्याने फक्त चकाकी आली.

"कावीळ वाटतेय का गं?" स्नेहलने आरशात बघत विचारलं.

"छे," मी म्हटलं, "कावीळवाले जरा फिके असतात."

ती रडायला लागली. आणि मी पहिल्यांदाच काकीला गप्प बसलेली बघितली. पिंपाच्या शेजारी पाटावर बसून सोन्याची साखळी बोटाभोवती गुंडाळत होती. "मना सर्दी होती गो," एवढंच म्हणाली, हळू. चारला अजून तासभर होता. म्हटलं, तोवर काहीतरी करू. आणि खाली रिक्षा थांबली. कल्याणहून येताना कशेळीला ट्रॅफिक लागणार हे गृहीत धरून माणूस लवकर निघतो, आणि वर्षातून एकदा कशेळीचा रस्ता रिकामा असतो. तो दिवस हाच.

बाई आल्या. इस्त्रीची सुती साडी, पांढरे केस घट्ट मागे, आणि पाठ अशी सरळ की मी आपोआप उभी राहून हात मागे बांधले. मागे मुलगा. बाईंनी चष्म्यातून तीन पिवळे चेहरे डावीकडून उजवीकडे वाचले. "आज आपल्याकडे कोणाची हळद आहे का? आम्ही अवेळी तर आलो नाही ना?"

मी काकीकडे बघितलं. एक 'हो' म्हटलं असतं तर सुटलो असतो. पुतणीची हळद आहे म्हणायचं, मिटलं. पण काकी उभी राहिली, कमरेवरचा हात खाली घेतला, साखळी पुन्हा बोटाभोवती गुंडाळली. "हलद नाय बाई. चूक हाय, आनि ती माजी हाय. मना सर्दी होती, डबा चुकला. पोरगी अशी नाय. पोरगी गोरी नाय, काली नाय, चांगली हाय. तुमी तिचा रंग आज बघू नका, तिला बघा."

मुलाने स्वतःच्या सँडलकडे बघायला सुरुवात केली. आणि मग काकी जे प्रत्येकाचं बघते तेच तिने बघितलं. चपलेतून बाहेर आलेल्या बाईंच्या टाचा. "तुमी जनम उभ्यानं काम केलाव," काकी म्हणाली. "बसा. पाय बुडवा."

"नको नको, मी अशी कुठेही—"

"पानी गरम हाय. मीठ टाकलाय. पाय बुडवून पन नाय म्हनता येता."

हा मुद्दा बाईंना पटला असावा. त्यांनी निऱ्या वर धरल्या, पाय घमेल्यात सोडले, आणि त्यांच्या त्या सरळ पाठीतून एक लांब श्वास बाहेर पडला. आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहिलेले पाय होते ते. काकीने मुलाला "तू जा रं, दूध आन, व्हता ता पोरींना लागला सगला" असं काहीही सांगून पिटाळलं आणि बाईंना कायदा ऐकवला. लेप, हसायचं नाही, फुटला तर चहा. ताजी डाळ कालवली, या वेळी मला चाखायला लावून, वर पुन्हा "एक नंबर" म्हणाली, आणि चौघींच्या तोंडाला लेप चढला.

"चल गो," काकी मला म्हणाली, "कर."

माझी फाटलेली. मी रिक्षावाला केला, बाई कोऱ्या. टँकरवाला केला, फळा पुसल्यासारख्या कोऱ्या. सेक्रेटरी केला तर बाईंनी भुवईसुद्धा हलवली नाही, आणि स्नेहल माझ्याकडे अशी बघत होती की बाई गं, आता तरी गप्प बस. मी गप्प बसले. आणि तेवढ्यात त्या कोऱ्या चेहऱ्यातून, ओठ न हलवता, आवाज आला.

"माझा नंबर कधी?"

बाईंनी आधी त्यांचे जुने हेडमास्तर काढले. "विद्यार्थी मित्रहो, तथापि, ऊन फार आहे, तथापि, कोणी चक्कर येऊन पडू नये, तथापि, पडल्यास रांगेतच पडावे." मी संपले. माझा लेप गालावरून सुटला तो थेट घमेल्यात. स्नेहलही फुटली. काकी? दगड. मग बाईंनी काकीकडे मान वळवली, हवेत नसलेली साखळी बोटाभोवती गुंडाळली, आणि शुद्ध मराठी व्याकरणाच्या त्या तोंडातून अस्सल आगरी आली. "मना सर्दी होती गो. पोरगी गोरी नाय, काली नाय, चांगली हाय. पन डाल एक नंबर हाय!"

काकीच्या कपाळावर एक बारीक चीर पडली. मग ती नाकावर उतरली. मग पोट हललं, सोनं हललं, आणि अख्खा लेप पापडासारखा फुटून तिच्या मांडीत पडला. काकी हसत होती, खोकत होती, भिंतीला धरत होती. मी तिथे टाळ्या वाजवत नाचत होते. सर्दीवर मात करून काकी "हरले, हरले" ओरडत चहाला उठली, तर स्नेहल घाईने पुढे झाली, "काकी, मी करते."

"तू बस," बाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. चहा हरलेल्यानेच करायचा." आणि मग अगदी सावकाश, हजेरी घेतल्यासारखं, "साखर कमी टाका हं, विहीणबाई."

काकी दारात थांबली. पाठमोरीच. मग आत गेली आणि आतून बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला.

बाईंनी तोंड धुतलं तेव्हा कळलं की घाईत काकीने आधीच्या लेपाचं भांडं विसळलंच नव्हतं. मुलगा दुधाची पिशवी घेऊन आला तर समोर चार पिवळ्या बायका चहाची वाट बघत बसलेल्या. तो घाबरून म्हणाला, "आई! हे काय? कोणाची हळद?"

"तुझी," बाई म्हणाल्या.

स्नेहल आता कल्याणला असते. बाई तिच्याकडून रविवारी डाळ भिजवून घेतात म्हणे, आणि दोघी तिथे हेडमास्तर करतात. इथे व्हरांड्यात मी आणि काकी, दोघीच. घमेली अजून दोन. एका घमेल्याला पाय नाहीत तरी काकी त्यात पाणी ओतते, मीठ टाकते, मग गार झालं की झाडांना नको म्हणून मोरीत सोडते. मी नकला करते. रिक्षावाला, टँकर, आता बाईसुद्धा. काकी पुन्हा दगड. मग लेप सुकत आला की तीच म्हणते, "आपल्या पोरीचा आवाज कर."

मी स्नेहलचा आवाज काढते. तो काढायला सोपा आहे, जवळजवळ ऐकूच येत नाही. "काकी, मी करते." काकीचा लेप हनुवटीला नाही फुटत, कपाळालाही नाही. डोळ्यांच्या खाली दोन ओल्या रेघा पडतात आणि तिथून विरघळतो.

"मीठ गेला गो डोल्यान," काकी म्हणते, आणि चहा टाकायला उठते. काकी हरली असं मी म्हणत नाही. तीही नाही.