बटणातली सुपारी

जयमालाबाईंच्या पत्रा कापायच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे प्रेस खाली येताना एकही हात आत राहत नाही. पण तासाला ठरलेल्या नगांचा आकडा गाठायचा तर एवढं सोवळं कोण पाळतो? चाकणच्या त्या कंपनीत बायका एका बटणात सुपारी ठोकून ते दाबलेलंच ठेवायच्या आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवायच्या. सुपरवायझर रणजीतला हे ठाऊक होतं. आकडा भरत होता, म्हणून त्याला दिसत नव्हतं.

कंपनीने सगळ्या प्लांटच्या लोकांसाठी मोबाइलवर 'कट्टा' काढला होता. कामातलं शहाणपण एकमेकांना सांगा, असा वरून हुकूम. लोकांनी इमानाने वाढदिवसाचे केक टाकले. स्वतःची चूक चारचौघांत सांगायला कोण वेडं होतं?

खंडेनवमीला जयमालाबाईंनी प्रेस पुसली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि हौसेने फोटो कट्ट्यावर टाकला. सुपारी बटणात तशीच. पूजेत सुपारी असायचीच, मग ती डोळ्यांना खटकणार कशी?

चहाच्या सुट्टीपर्यंत फोटोखाली नमस्कारांची रांग लागली. त्यातच तळेगावच्या प्लांटमधल्या कुणा रुपालीने लिहिलं होतं, "ताई, बटणातली सुपारी काढा."

रणजीत धावतच आला.

"ताई, आधी फोटो उडवा. सायबानं बघितला तर तुमी बी घरी अन् मी बी."

"उडवते," त्या म्हणाल्या. घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच. पण ही आगाऊ बाई आहे तरी कोण, म्हणून त्यांनी रुपालीचं नाव दाबलं. तिनेही आपल्या मशीनच्या पूजेचा फोटो टाकला होता. नवी साडी नेसून ती मशीनला कुंकू लावत होती, तेही डाव्या हाताने. जयमालाबाईंना रागच आला. देवाधर्माचं असं डाव्या हाताने करतं का कुणी? मग त्यांनी उजवा हात बघितला. तिने तो पदराखाली घेतला होता, पण पुरता झाकला गेला नव्हता. त्याला तीन बोटं नव्हती.

जयमालाबाईंना भडभडून आलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने सुपारी उचकटली, फोटो तसाच ठेवला आणि खाली लिहिलं, "रुपालीताई, काढली. मीच लावली व्हती. आता आकडा भरायचा न्हाई."

रणजीत कपाळाला हात लावून उभा राहिला.

शेजारच्या प्रेसवरच्या सुमनताईंनी मोबाइलवर ते वाचलं, तो खिशात ठेवला आणि त्या स्क्रूड्रायव्हर मागायला आल्या.