अंग झोपलेलं, मी जागा

“तुम्हाला वेड लागलेलं नाही,” डॉक्टर बाई म्हणाल्या. “याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात.”

पॅरालिसिस हा शब्द ऐकून वैशालीने, माझ्या बायकोने, माझं मनगट घट्ट धरलं. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी समजावून सांगितलं. आपण स्वप्नात असतो तेव्हा मेंदू हातपाय ढिले करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरंच पलंगावरून उठून पळेल. कधीकधी मन आधी जागं होतं आणि अंग मागे राहतं. मग डोळे उघडे, पण बोटही हलत नाही. दोन-तीन मिनिटांत ते आपोआप सुटतं.

मी एकच विचारलं, “गाडी चालवू शकतो ना?”

मी उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात ट्रेलर चालवतो. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रात्रपाळी. रात्रपाळीनंतर सकाळी नऊला झोपायचं आणि दुपारी उठायचं. हे सुरू झालं ते त्याच दुपारच्या झोपेत. पहिल्यांदा छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटलं. नंतर कानाशी कुजबुज ऐकू यायला लागली. कधी स्वप्न चालू असताना मला पक्कं कळायचं, की हे स्वप्न आहे. तरी बाहेर पडता यायचं नाही. मी कोणाला सांगितलं नाही. यार्डात कळलं तर गाडी काढून घेतील, ही एक भीती. दुसरी भीती, आपलं डोकं फिरलं की काय, ही.

चार महिने असे काढले.

मग ती दुपार आली. वैशाली बँकेत गेली होती आणि आई शेजारी. आमची दोन वर्षांची मुलगी सई माझ्याजवळ झोपली होती, म्हणून मीही आडवा झालो. जाग आली तेव्हा अंग गच्च. आणि मला सईची पैंजणं ऐकू आली. ती खोलीतून निघाली, ओटीवर गेली, मागच्या दाराकडे वळली. मागे आमची पाण्याची टाकी आहे, जमिनीलगत, नुसता पत्रा टाकलेली. मला सगळं ऐकू येत होतं आणि मला हाक मारता येत नव्हती. पत्रा वाजला. त्यानंतर शांत.

सुटलो तसा धावलो. पत्रा जागेवर होता. परत आत आलो तर सई माझ्या पलंगावरच, भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. तिच्या पायात पैंजणं नव्हतीच. चांदी टोचते म्हणून वैशालीने आठ दिवसांपूर्वी काढून ठेवली होती.

वैशाली आली तेव्हा मी जमिनीवर बसून रडत होतो. तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच म्हटलं, “चार महिने एकट्याने काढलेस?” दुसऱ्या दिवशी तिने पनवेलच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी यार्डात सुपरवायझरला जाऊन सांगितलं, की तपासणी होईपर्यंत मी गाडीवर बसणार नाही. त्याने मला गेटवर कागद तपासायला बसवलं.

डॉक्टर बाईंनी खूप प्रश्न विचारले. गाडीवर डुलकी लागते का? हसताना गुडघे ढिले पडतात का? मग स्लीप स्टडी, म्हणजे डोक्याला आणि छातीला वायरी लावून एक रात्र दवाखान्यात झोपायचं. रिपोर्टला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी सईला एकट्याने कडेवरही घेतलं नाही.

रिपोर्टमध्ये झोपेचा दुसरा कुठला आजार निघाला नाही. छातीवरचं वजन, कुजबुज, पैंजणं यांना बाईंनी हॅल्युसिनेशन म्हटलं. स्वप्नाचा एक तुकडा जागेपणी सांडतो, असं त्या म्हणाल्या. स्वप्न आहे हे स्वप्नातच कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. त्याने इजा होत नाही. औषध दिलं नाही. पाळी एकच ठेवायची, कुशीवर झोपायचं, झोप पुरी करायची. अंग अडकलं तर झगडायचं नाही, सावकाश श्वास घ्यायचा आणि पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा. गाडीला त्यांची हरकत नव्हती. चिठ्ठी बघून यार्डाने मला कायमची दिवसपाळी दिली. वैशाली मागच्या दाराला वर कडी लावून मोकळी झाली.

तुमच्यापैकी कोणाला असं होत असेल तर एवढंच सांगतो, घरच्या एका माणसाला सांगा. माझ्या घशातून बारीक आवाज आला की वैशाली माझा हात हातात घेते. मी लगेच सुटतो.

आता महिन्यातून एखाद्या वेळी होतं. मध्यंतरी स्वप्नात मी आमच्या जुन्या मिठागरात उभा होतो. तिथे आता यार्ड आहे. हे स्वप्न आहे हे मला माहीत होतं, पण या वेळी घाबरलो नाही. बांधावरून निवांत चालत राहिलो. सकाळी चहा घेताना आईला ते स्वप्न सांगितलं, स्वप्नातच ते कळत होतं हेही.

आईने कप खाली ठेवला. “उठताना आंग गच्च झालं व्हतं?”

तिला काळजी नको म्हणून आम्ही तिला काहीच सांगितलं नव्हतं.

“मना पन व्हतं,” ती म्हणाली. “लगीन व्हयाच्या आधीपासून.”

माहेरच्या मिठागराच्या झोपडीत दुपारी पडलं की कोणीतरी तिला दाबून धरायचं. तिच्या आईने गंडा बांधला आणि कोणाजवळ बोलू नकोस म्हणून बजावलं. सासरी कळलं तर परत पाठवतील म्हणून ती कधीच बोलली नाही, बाबा होते तोवर त्यांच्याजवळही नाही. पुढच्या आठवड्यात मी तिला त्याच डॉक्टर बाईंकडे नेलं. घराण्यात असू शकतं, असं बाई म्हणाल्या. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे माज्या आंगात कोन न्हवता?”

“कोणी नव्हतं, आजी. तुम्हीच होतात, अर्ध्या जाग्या.”

परतताना आम्ही एसटीत बसलो. गव्हाण फाटा गेल्यावर ती म्हणाली, “तुज्या बाबांना सांगाया पायजे व्हता. ते रागावले नसते. हात धरून बसले असते.”