सीतेच्या जागची बाहुली

१९९८ साली रत्नागिरीत आबांनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ केला. त्यानंतर त्यांनी बाहुलीला हात लावला नाही. आबा म्हणजे माझे वडील.

खेळाआधी लोककला महोत्सव भरवणाऱ्या बाई पडद्यामागे आल्या. आबांना त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग हसून म्हणाल्या, “आजोबा, पँट कसली घालताय? धोतर देतो आम्ही. आणि तो चष्मा काढा बरं. लोककलावंत वाटतच नाही हो तुम्ही, तलाठी वाटता.”

आजूबाजूची माणसं हसली. आबाही हसले. बोलावणाऱ्याच्या दारात आमची माणसं आधी हसतात.

“बाईनू, चष्म्याबिगर माका दोरे दिसनत नाय,” ते म्हणाले.

“इतकी वर्षं करताय ना? हातांना सवय असेलच की.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. महोत्सवाचा अर्ज मीच भरला होता. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि आमचे प्राचार्य त्या बाईंच्या शेजारी उभे होते. मी पुढे झाले आणि आबांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. माझ्या हाताने. बाईंनी नाही काढला.

आबा धोतर नेसायला गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कळसूत्री बाहुल्या पडद्यामागे एका दोरीवर टांगलेल्या असतात. आख्यानात ज्या क्रमाने यायच्या, त्याच क्रमाने. गणपतीची पूजा झाली की त्या दोरीला खेळणाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तोंडाने ओवी चालू असते, एका हातात राम नाचत असतो, आणि दुसरा हात न बघता मागे जातो. तिथे सीता असते. असतेच. आबा म्हणत, “घरातलो दिवो काळोखातपण गावता, तशी.”

पूजा झाली होती. आबा तिथे नव्हते. बाईंनी फोटोसाठी बाहुल्या काढून पुन्हा टांगल्या. उंच कडेला, ठेंगण्या मध्ये, लाल लुगडी नेसलेल्या अगदी मधोमध. मी ते पाहिलं. आमच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरानेसुद्धा ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. मी बोलले नाही. आबांना सांगायलाही वेळ होता. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी सगळी दोरी सोडून नव्याने बांधली असती, उशीर झाला असता, आणि प्राचार्यांसमोर आमचं भांडण दिसलं असतं. मला त्या माणसांना आवडायचं होतं.

खेळ सुरू झाला. मी शेजारी टाळ वाजवत होते. रामाने धनुष्य मोडलं. आबांनी सीतेची ओवी उचलली. ती ओवी ते बारीक आवाजात म्हणत, वयात येणाऱ्या पोरीसारख्या. मागे हात गेला आणि बाहेर शूर्पणखा आली. सुळे, लोंबती जीभ, लाल लुगडं. ती रामाकडे लाजत लाजत निघाली आणि आबांचा तो आवाज तिच्या तोंडून येत राहिला.

हशा पिकला. आधी पुढच्या रांगेत, मग मागे. शिट्ट्या आल्या. कुणीतरी ओरडलं, “म्हातारं चढवून आलंय रे!”

आबांना वाटलं खेळ रंगला. त्यांनी तिला जास्तच लाजवली.

मी टाळ थांबवू शकले असते. नुसतं “आबा” म्हणू शकले असते. मी टाळ वाजवत राहिले, तालात.

परतीच्या एसटीत त्यांनी विचारलं, “कोण होती गो माज्या हातात?”

“शूर्पणखा.”

त्यांनी आपलं मनगट चोळलं. मग म्हणाले, “हाताक जड लागली. माका वाटला, माजोच हात दमलो.” आणि पुढे हातखंब्याचा फाटा गेल्यावर, “तुका दिसत होती मा?”

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर पाच वर्षं जगले, तरी विचारलं नाही.

त्या पाच वर्षांत घरात सीतेची ओवी कुणी ऐकली नाही. जत्रेचं बोलावणं आलं की आबा म्हणत, “घसो बसलोहा.” मी शिक्षिका झाले. घर पुस्तकांनी भरलं. वारा सुटला की बाहुल्यांच्या पेटीतली लाकडं एकमेकांवर आपटल्यासारखी वाटायची. मी उठून बघायचे. पेटीत सगळ्या कापडात घट्ट गुंडाळलेल्या असायच्या. कधी वर्गात मुलं हसली की माझी बोटं टाळ धरल्यासारखी वळायची. ते अजून होतं.

आबा गेल्यावर पुढच्या वर्षी महोत्सवाचे एक साहेब जीप घेऊन घरी आले. नवे होते, त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. चहा घेतला. आबांच्या फोटोला हात जोडले.

“ताई, वारसा तुम्हीच चालवायला हवा. फक्त शिक्षिका आहात ते निवेदनात घेणार नाही आम्ही. नऊवारी नेसा, आणि बोलणं जरा तुमच्या वाडीतल्यासारखं ठेवा. अस्सल वाटलं पाहिजे.”

या वेळी माझ्यासमोर प्राचार्य नव्हते, आणि असते तरी.

मी म्हटलं, “मी येणार नाही.”

“अहो, तुमच्यासाठीच चाललंय हे. कला मरेल ना अशाने.”

“मरायची तर आमच्या घरात मरेल. तुमच्या मांडवात एकदा मेली आहे.”

साहेब उठले. अंगणात ड्रायव्हरला म्हणाले, मला ऐकू जाईल असं, “दोन बुकं शिकली की यांना लगेच माज येतो.”

‘यांना’ म्हणजे कुणाला, ते मी लहानपणापासून जाणते. ज्या देवळात आबांनी कोरलेल्या गणपतीला नारळ फुटायचा, तिथे शिवाशिव नको म्हणून आबांच्या ओंजळीत पाणी वरून पडायचं. मी शिकले ती त्या ‘यांना’मधून सुटायला. चुकलं ते तिथे. एकटीच सुटायला बघत होते, आणि आबांना मागे ठेवून.

त्याच दिवशी मी पेटी उघडली. दोऱ्यांनी बोटं कापायची. सहा महिन्यांनी राम सरळ चालायला लागला. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या अंगणात खेळ होतो. बोलावणं आलं तरी मी जात नाही. ज्याला बघायचा आहे तो येतो, आमच्या माठातलं पाणी पितो आणि सारवलेल्या जमिनीवर बसतो. गेल्या वर्षी देवळाचे मानकरीही आले. तेही तिथेच बसले.

सीतेची ओवी मला अर्धीच येते. पुढची आबांबरोबर गेली. मी कधी लिहून घेतली नव्हती. त्या जागी मी खेळ थांबवते आणि समोर बसलेल्यांना सांगते, इथली ओवी गेली आहे. कुणी घालवली, तेही सांगते. त्यात माझं नाव आधी घेते.

बाहुल्या सत्तावीस आहेत. ओवी अर्धी आहे. तेवढी मी म्हणते.