शेजारच्या कबरीवरचा पाला

मृतांच्या दिवसाच्या आदल्या दुपारी आमच्या गिरीज गावच्या दफनभूमीत ही गर्दी असते. दुसऱ्या दिवशी फादर येऊन कबरींवर पवित्र पाणी शिंपडणार, म्हणून जो तो आपापल्या माणसाची कबर झाडायला येतो. भेंडीच्या डेरेदार वृक्षांचा पाला तिथे बारा महिने गळतो. तो भरून पार कुंपणापाशी नेऊन टाकायचा, अशी रीत आहे.

यंदा मी एकटाच गेलो होतो. डोक्यावर ऊन, कंबर धरलेली, आणि कुंपण लांब. आईच्या कबरीवरचा पाला मी खराट्याने सरळ शेजारच्या कबरीवर लोटला. तिचा क्रूस कललेला, गवत माजलेलं. म्हटलं, इथे कोण येतंय!

आली. आमच्याच गावातली म्हातारी, आईच्या ओळखीची, हातात घमेलं. नवऱ्याच्या कबरीवरचा ढीग बघून ती थबकली आणि मग चक्क हसली.

"बघ रे पोरा, जिवंत होता तवा गावाची भांडनं अंगावर घ्यायचा. आता गावाचा पाला घेतोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला जीभ रेटेना. "द्या मावशी, मी उचलतो," एवढंच बोललो आणि माझाच पाला घमेल्यात भरून कुंपणापाशी नेऊ लागलो. गवत उपटलं. क्रूस सरळ करून बुडाशी दगड ठोकले. ती सारखी मला आशीर्वाद देत होती, आणि प्रत्येक आशीर्वादाला मला खाली बघावं लागत होतं.

लहानपणी एकदा मी अंगण झाडताना असाच पाला शेजाऱ्यांकडे ढकलला होता. आईने बखोट धरून नेलं आणि त्यांच्यादेखत त्यांचं अख्खं अंगण माझ्याकडून झाडून घेतलं. "आपला कचरा दुसऱ्याच्या दारात?" एवढंच म्हणाली होती.

निघताना म्हातारीने आईच्या क्रूसावर हात ठेवला. "पोर गुनाचा निघाला गो तुझा. तुझंच वळन."

माझं कुणी असं कौतुक केलं की आई तिथल्या तिथे माझी एखादी खोडी सांगून मोकळी व्हायची. मला तिचा भारी राग यायचा. त्या दुपारी मी खराटा धरून उभा राहिलो, आणि आई काहीच बोलली नाही.