नवव्या मजल्यावरचे पापड

"पापड होऊ दे, मंग सांगतो," असं सुभद्राबाईंनी मुलाला कळवून ठेवलं होतं. किशोर पुण्याला. आईसाठी त्याने अमरावतीत नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आता तिवस्याचं घर विकायचं म्हणत होता. गिऱ्हाईक थांबलेलं होतं. इथे चार माणसं जोडली गेली तर तिकडचं घर ठेवून करायचं काय, हे बाईंनाही पटत होतं. जोडली जातात का, एवढंच पाहायचं होतं.

ते पाहायची त्यांची रीत एकच. तिवस्यात पापड करायचे तर आदल्या दिवशी घरोघर सांगून यायचं. सकाळी शेजारच्या मैनाबाईपासून सगळ्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे.

शनिवारी बाई 'उद्या सकाळी पापड लाटायले या' म्हणत मजल्यावर दारोदार फिरल्या. दारं अर्धी उघडली. "वा, काकू! नक्की येते," समोरची आकांक्षा म्हणाली. एकीने तर कृतीसुद्धा विचारून घेतली. गावात 'येते' म्हटलं की बाई पोळपाट धुवायला काढते. सुभद्राबाईंनी तोच हिशेब धरला आणि घरभर बाया बसतील एवढं उडदाचं पीठ भिजवलं.

सकाळी सतरंजी अंथरली, दार सताड उघडलं आणि खलबत्त्यात पीठ कुटायला घेतलं. आकांक्षा बॅग ओढत लिफ्टकडे निघाली होती, ती थबकली.

"अय्या काकू, आजच होतं का? आम्ही चिखलदऱ्याला चाललो!"

त्यानंतर बराच वेळ नुसती लिफ्टच वर-खाली होत राहिली. मग दाराशी पावलं वाजली. बाई पदराला हात पुसत लगबगीने उठल्या. वॉचमन गयासुद्दीन होता.

"मावशी, खालच्याईची कंप्लेंट हाय. भिंत ठोकून राहिले का म्हणते."

"भिंत नाही रे बाबा, पापडाचं पीठ हाय."

"काहून एवढा ताप? दुकानात पाकीट भेटते."

"तुले लाटता येते का?"

"मले खाता येते."

बाईंना हसू आलं. त्यांनी पिठाची एक लाटी तेलात बुडवून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती उभ्याउभ्याच खाल्ली आणि जाताना सवयीने दार ओढून घेतलं. दारं बंद ठेवायची, असा सोसायटीचा नियम होता.

बाईंनी ते पुन्हा उघडलं नाही. एकटीच्या हाताने जेवढं लाटून झालं तेवढं झालं. बाकीचं पीठ दुपारपर्यंत वाळून तडकलं.

संध्याकाळी किशोरचा फोन आला.

"झाले का पापड?"

"झाले."

"मग कळवू ना त्या माणसाला?"

पंख्याखाली पलंगावर पापड पसरले होते. निम्मा पलंग रिकामाच होता.

"नोको विकू. पुढच्या साली पीठ तिकडंच भिजवीन."

"आई, तिथं तरी आता कोण राहिलं?"

"मैनाबाई हाय."

"एकटीच ना?"

"मी तिथं गेली का दोघी होतो."