लाहूच्या जीपमधला हीटर

डहाणूकडं गाडीला हीटर कशाला लागतो, असं कुणी विचारलं तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. वर्षाचे दहा महिने इथला माणूस घामानं निथळत असतो. उरलेल्या दोन महिन्यांत पहाटे थोडा गारठा पडतो, गंजाडच्या बाजूला जरा जास्तच, पण तेवढ्याला कानाला मफलर गुंडाळला की भागतं. तरीही गंजाडच्या लाहूच्या काळ्या-पिवळ्या जीपला हीटर होता, आणि त्या हीटरवर लाहूचा भारी जीव होता.

जीप मुळात डोंगराकडची. कुठल्याशा थंड मुलखात अर्धं आयुष्य काढून ती वापीच्या एका दलालाकडं आली आणि तिथून लाहूच्या गळ्यात पडली. पुढच्या सीटवर डाव्या हाताला बसणाऱ्याच्या पायांसमोर एक पत्र्याचा डबा होता, त्याचं तोंड त्या पायांकडंच वळलेलं; तोच हीटर. स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी पहिल्याच दिवशी त्याची यथेच्छ टिंगल केली. भावेश नावाचा ड्रायव्हर तर रोज सकाळी न चुकता विचारायचा, "काय लाहू, आज काश्मीरचं भाडं मिळालं काय?" लाहूनंही तो डबा भंगारात घालायचं ठरवलं होतं. ते राहून गेलं ते बारकीमुळं.

बारकी त्याची बायको. तिला सिकलचा आजार होता, रक्तातला, जन्मापासूनचा. इथल्या पाड्यांना हा आजार नवा नाही. थंडी पडली की तिचे पाय असे ठणकायचे, की कूस बदलतानाही ती ओठ चावायची. लाहू गोळ्या आणायचा, वीट तापवून फडक्यात गुंडाळून द्यायचा आणि मग नुसता बघत बसायचा. आपल्या माणसाचं दुखणं असं बघत बसणं फार वाईट. बघणाऱ्याला धड झोपता येत नाही, आणि जागून काही उपयोगही होत नाही.

एका पौषात तिला पहाटेच डहाणूच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली. लाहूनं तिला पुढं बसवलं, घोंगडी पांघरली आणि निघताना सहज ते हीटरचं बटण दाबलं. डब्यातला पंखा घरघरला आणि इंजिन तापलं तसा त्यातून गरम वारा सुटला. आशागड येईपर्यंत बारकीला झोप लागली होती. लाहूनं गाडी इतकी हळू चालवली, की मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून थकले.

तेव्हापासून थंडीतली पहिली फेरी बारकीची. उजाडायच्या आत ती पुढच्या सीटवर येऊन बसायची, डहाणू स्टेशनपर्यंत जायची, तिथं दोघं उभ्या उभ्या चहा घ्यायची आणि परतीच्या फेरीनं ती घरी यायची. पुढची हक्काची जागा गेली म्हणून भाजीवाल्या बायका कुरकुर करत. लाहू ऐकून घ्यायचा. वाटेत तो तिला विचारायचा, "गरम लागतंय ना?" ती मान हलवायची. बाकी दोघांत फारसं बोलणं होत नसे. मागं माणसं कोंबलेली, त्यांच्यादेखत बायकोशी काय बोलणार? पण लाहूला आतून फार बरं वाटायचं. बारकीच्या दुखण्यावर त्याचा एवढाच काय तो इलाज चालला होता.

गेल्या श्रावणात बारकी गेली. छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. त्यानंतर थंडी आली, पहिली फेरी पूर्वीसारखीच सुटू लागली, पुढच्या जागेवर पुन्हा भाजीच्या टोपल्या आल्या. लाहूनं हीटर एकदाही लावला नाही. मात्र रोज सकाळी काच पुसताना तो त्या डब्यावरूनही फडकं फिरवायचा.

संक्रांत उलटली आणि एक दिवस चढावर बोनेटमधून वाफ निघाली. काटा पार टोकाला गेला होता. लाहूनं रेडिएटरमध्ये पाणी ओतलं तर इकडून ओतावं आणि तिकडून गळावं अशी तऱ्हा. पाठोपाठ आलेल्या भावेशनं आपली गाडी थांबवली, खाली वाकून बघितलं आणि जागच्या जागी निकाल दिला.

"हीटरची नळी फुटली. बायपास करून टाक."

बायपास म्हणजे सोपं काम. इंजिनातलं गरम पाणी एका रबरी नळीनं हीटरकडं जातं आणि दुसरीनं परत येतं. या दोन्ही काढून टाकायच्या आणि एकच आखूड नळी वाकवून इंजिनाच्या दोन तोंडांना जोडायची. पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं, गळती थांबते, हीटर गेला उडत. या पट्ट्यातले झाडून सगळे मेकॅनिक हेच करतात. गिऱ्हाइकाला विचारतसुद्धा नाहीत.

"बायपास नाय करायचं," लाहू म्हणाला. "नळी बदलायची. हीटर राहिला पाहिजे."

"अरे, कोण बसतंय आता त्याच्यासमोर?"

भावेशच्या मनात वाईट काही नव्हतं, पण बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. लाहूनं रिकामा कॅन उचलला. हीटर काढला तर आपण बारकीसाठी काही केलं होतं याची खूणच राहणार नाही, हे असं रस्त्यात उभं राहून कुणाला सांगणार? त्यानं कॅनमध्ये पाणी भरून घेतलं आणि थांबत, पाणी ओतत, अच्छाडला सुनिलकडं गाडी नेली.

सुनिलचं गॅरेज हायवेला, ट्रकांच्या रांगेपलीकडं एका धाब्याला लागून. पोरगा तलासरीचा, हाताला चांगला. दोन-अडीच वर्षांपूर्वी लाहूच्या जीपचं इंजिन त्यानंच खाली उतरवून बांधलं होतं. एरवी लाहूला बघितलं की तो लांबूनच हाक मारायचा. आज हीटरची नळी म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला.

"काका, तू जरा समोर चहा पिऊन ये. तोवर मी उरकतो."

"चहा झालाय माझा."

"मग जेवून घे. धाब्यावर आज मटण आहे."

लाहूच्या मनात पाल चुकचुकली. "तू मला घालवतोस आणि मागं बायपास करतोस, ना? मी इथनं हलणार नाय. माझ्यासमोर बोनेट उघड."

सुनिलनं बराच वेळ फडक्याला हात पुसले. लाहू बोनेटला खेटून उभा होता, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. त्यानं पाना घेतला आणि वरचा एअर फिल्टरचा मोठा डबा काढून बाजूला ठेवला. लाहू रोज बोनेट उघडायचा तो पाणी आणि ऑइल बघण्यापुरता. त्या डब्याखाली त्यानं कधी डोकावलं नव्हतं.

तिथं एकच नळी होती. आखूड, वाकवून बसवलेली, आणि वाकलेल्या जागीच चिरलेली. हीटरकडं जाणाऱ्या दोन तोंडांत चिंध्या कोंबल्या होत्या आणि त्या चिंध्यांवर धुळीचा जाड थर साचला होता.

लाहूला आधी काही उमजेना. मग उमजलं आणि त्याचं डोकं फिरलं.

"हे कोणी केलं?"

"मीच," सुनिल म्हणाला. "इंजिन बांधलं तेव्हा. हीटरची कॉइल, गरम पाणी फिरतं ती, आतून सडली होती, काका. गरम पाणी काकीच्या पायावर उडालं असतं."

"मग मला बोलला का नाय? दोन हिवाळे मी तिला त्या डब्यासमोर बसवली! रोज पंखा लावत होतो मी!"

"काकीनं सांगू दिलं नाय."

सुनिलनं खालमानेनं पुढचं सांगितलं. त्या दिवशी लाहू सामान आणायला वापीला गेला होता आणि बारकी इथंच बाकड्यावर बसली होती. सुनिलनं तिलाच म्हटलं, काकी, हीटर आता बंद होणार, काकाला सांगायला पाहिजे. तर तिनं त्याचा हात धरला.

"बोलली, त्याला नको सांगू. हीटर नाय म्हटल्यावर तो मला थंडीत घरातच बसवेल, गाडीत नेणार नाय. पंखा तेवढा फिरता ठेव, बोलली. त्याला आवाज आला म्हणजे झालं."

लाहू मागं सरकला आणि तिथं पडलेल्या एका टायरवर बसला. हायवेवरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी गॅरेजचे पत्रे थरथरत होते.

ती घोंगडी दुहेरी करून आणायची ते त्याला आठवलं. पाय वर घेऊन मांडी घालून बसायची, ते ती निवांत झाली म्हणून, असं तो समजत होता. घरी चूल पेटलेली असायची. चुलीपाशी बसली असती तर पायांना खरी ऊब मिळाली असती. ती चूल सोडून ही बाई पहाटेच्या काळोखात त्या गार डब्यासमोर येऊन बसत होती. गरम लागतंय ना, विचारलं की मान हलवत होती. तिला फक्त त्याच्या शेजारी बसून डहाणूला जाऊन यायचं होतं.

आणि आपण सगळी वाट भाडी गोळा करण्यात घालवली. एवढी ती जवळ होती आणि आपण तिच्याशी धड चार शब्द बोललो नाही. लाहूला तिचा राग आला, आणि त्या रागातच ती इतकी हवीशी झाली, की त्यानं दोन्ही हातांनी टायर घट्ट धरला. "सांगायचं होतं ना गं," तो पुटपुटला. "तशीच नेली असती मी तुला. माझ्या मांडीवर पाय घेऊन नेली असती."

सुनिल त्याच्यासमोर उकिडवा बसला. "काका, वापीला जुन्या गाड्यांची कॉइल मिळते. मी आणतो. दोन्ही नळ्या नव्या टाकतो आणि तुला हीटर चालू करून देतो. अगदी फर्स्ट क्लास."

लाहू नाक पुसून उठला.

"नको. होतं तसंच कर."

"बायपास?"

"हां. तिनं सांगितलेलं ना तुला, तसंच कर. नळी तेवढी चांगली टाक."

सुनिलनं जाड रबराची नवी नळी कापली, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या आणि पाणी भरून इंजिन सुरू केलं. इंजिन चांगलं तापेपर्यंत दोघं वाकून बघत राहिले. एक थेंबही गळला नाही.

परतताना दिवस मावळला होता. अच्छाडच्या नाक्यावर दोन-तीन माणसांनी हात केले, पण लाहूनं गाडी थांबवली नाही. पुढची जागा त्याला आज रिकामीच हवी होती. उघड्या बाजूंनी वारा आत घुसत होता. थोडं अंतर गेल्यावर त्यानं बटण दाबलं. पंखा घरघरला. लाहूनं डावा हात लांब करून त्या जागी धरला, जिथं तिचे पाय असायचे. वारा बर्फासारखा गार होता.

त्यानं गाडी कडेला घेतली. वाकून डब्याच्या तोंडाची पत्र्याची पट्टी जोर लावून आपल्या बाजूला वळवली, पायांतल्या चपला काढल्या आणि पुन्हा गाडी चालू केली. चारोटीपर्यंत त्याच्या पायांच्या बोटांना मुंग्या आल्या, पुढं घोटे ठणकायला लागले. तरी गंजाड येईपर्यंत त्यानं पंखा बंद केला नाही, आणि सबंध वाटेत तो तिच्याशी बोलत राहिला.